गुळगुळीत दारं

प्रुफवाले निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गल्लीने त्यांचं नाव काही निवृत्त केलं नव्हतं. जन्मभर छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका काढण्यावर त्यांचं पोट भरलं होतं. ही सवय नोकरीबरोबर सुटते असं त्यांना वाटलं होतं, ती सुटली नाही. एखाद्या दुकानाच्या पाटीवर चूक दिसली की ते मनातल्या मनात ती दुरुस्त करायचे. आत जाऊन मालकाला सांगण्याइतकी हिंमत मात्र त्यांच्यात नव्हती. मग ते त्या दुकानावरून जाणंच सोडून देत. अशाने त्यांचा फिरायला जायचा रस्ता वर्षागणिक लांबत गेला होता.

त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत, कारण तिने आयुष्यभर टायपिंगचा वर्ग चालवला होता. 'यंत्राकडे बघायचं नाही, बोटांना विचारायचं' हे तिचं वाक्य गावातल्या निम्म्या कारकुनांना पाठ होतं. नव्या मुलींसाठी ती यंत्राच्या दोन कळांवर लाखेचा बारीकसा ठिपका ठेवायची, म्हणजे बोटांना आपली जागा सापडे. लग्नाआधी छापखान्यात तिने टाइप केलेला मजकूर यायचा. महिनाभर शोधून एकही चूक सापडली नाही, तेव्हा प्रुफवाल्यांनी घाबरत घाबरत तिला मागणी घातली. "चूक सापडेना म्हणून लग्न केलं," असं बाई चारचौघांत सांगे, "आणि लग्नानंतर रोज सापडायला लागल्या."

आता बाईची नजर चालली होती. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. समोरचं दिसे, पण कडेने अंधार आत सरकत होता. नळीतून बघितल्यासारखं, असं ती म्हणे. तरीही स्वयंपाक तीच करायची. गॅसपाशी ठेवलेलं फडकं एकदा पेटलं. तिने ते लगेच सिंकमध्ये टाकून विझवलं, आणि गोष्ट तिथेच मिटली असती; पण त्या दिवशी नेमकी तिची धाकटी बहीण आली होती. धाकटीने भाच्याला कळवलं.

मुलगा दुसऱ्या शहरात होता. इमारती सुरक्षित आहेत की नाहीत ते तपासायचं आणि नसतील तर रिकाम्या करायला लावायच्या, अशी त्याची नोकरी. त्याचा फोन आला तो जणू नोटीस घेऊनच.

"आई, आता पुरे झालं. माझ्याकडे चला दोघं. खोली तयार आहे."

"तुझ्याकडे येऊन मी काय करू?"

"काही करू नकोस. बसून राहा."

"तेच म्हणतेय. बसून काय करू?"

शेवटी ठरलं ते असं. महिनाअखेरच्या रविवारी तो येणार, आईला तिच्या स्वयंपाकघरात काम करताना स्वतः बघणार. पटलं तर दोघांनी इथेच राहायचं. नाही पटलं तर सामान बांधायचं.

"ह्याचं नाक पुसलं मी," फोन ठेवल्यावर बाई म्हणाली, "आणि हा माझी परीक्षा घेणार!" पण परीक्षा तिने मान्य केली होती. आयुष्यभर इतरांच्या घेतल्या होत्या, त्यामुळे नाही म्हणणं तिला बरं दिसेना.

प्रुफवाल्यांना आपणही काहीतरी करावं असं वाटू लागलं. डॉक्टर जाता जाता म्हणाले होते की घरात उजेड हवा, रंग फिके हवेत. स्वयंपाकघरातली लाकडी कपाटं घर घेतलं तेव्हापासूनची होती. ओट्याखाली सलग एक रांग, भिंतीवर एक रांग. लाकूड उत्तम, पण जुनं पॉलिश, धूर आणि तेलकट हात यांनी ती काळीकुट्ट झाली होती. ती खरवडून, घासून, फिकट पॉलिश दिलं तर खोली उजळेल. बाईला दिसेल, आणि मुलावरही छाप पडेल.

"तुम्ही करणार? हाताने?" बाईने विचारलं. "खिळा ठोकायचा तर तुम्ही भिंतीची माफी मागता."

"पुस्तकात वाचलंय मी. अवघड नाही."

"करा बापडे. पण एक सांगते. एक वाटी जरी इकडची तिकडे झाली तर माझ्याशी गाठ आहे."

पॉलिशच्या वासाने तिचे डोळे चुरचुरले असते, म्हणून ती धाकटीकडे राहायला गेली. "भाऊजी, घर जाळू नका हं," धाकटीने दारातून सांगितलं. फडक्याची बातमी फोडल्याबद्दल तिला काहीतरी सुनवावं असं प्रुफवाल्यांच्या फार मनात आलं. ते फक्त हसले.

त्यांनी एकेका कपाटातलं सामान एकेका खोक्यात भरलं आणि खोकी जेवणाच्या टेबलावर कपाटांच्याच क्रमाने मांडली. हार्डवेअरच्या दुकानदाराने जुनं पॉलिश सोडवायचं औषध, पत्र्याची पट्टी, खरखरीत ते मऊ असे पॉलिश पेपर आणि भेगा बुजवायची लांबी दिली. "काका, घासायचं ते लाकडाच्या रेषेने. आडवं घासलंत तर जन्मभर दिसेल," तो म्हणाला. रेषेने जाणं प्रुफवाल्यांना समजण्यासारखं होतं. ते काम जन्मभर केलेलंच होतं.

दारं काढून त्यांनी गॅलरीत जुन्या चादरीवर आडवी मांडली. औषध लावलं की काळं पॉलिश सुरकुतायचं, आणि पट्टीने ओढलं की काकवीसारखं गोळा होऊन यायचं. खालून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं. प्रुफवाले चष्मा कपाळावर चढवून ते जवळून बघत राहिले. इतकी वर्षं आपण ह्याच्यासमोर बसून चहा प्यायलो आणि हे वाचलंच नाही, असं त्यांना वाटलं.

मग चुका दिसू लागल्या.

साखरेच्या कपाटाच्या दाराला खालच्या कडेला खाच पडली होती. डाळीच्या दारावर अंगठ्याएवढा खळगा होता. पेल्यांच्या दाराची बिजागरी इतकी कुरकुरायची की शेजाऱ्यांना पाणी प्यायल्याचं कळावं. ड्रॉवरच्या मुठी चार तऱ्हेच्या. एक सैल होऊन खुळखुळणारी, एकीला दोरा गुंडाळलेला. प्रुफवाल्यांनी खाच लांबीने भरली. खळगा भरला. सगळ्या बिजागऱ्या नव्या आणल्या, मुठी एकसारख्या पितळी आणल्या. जुन्या त्यांनी टाकल्या नाहीत. छापखान्यात जुनी प्रुफं काम संपल्यावरही जपून ठेवायचा दंडक होता, त्याच सवयीने त्यांनी त्या बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात घालून ठेवल्या.

पिठाच्या दारापाशी मात्र ते थबकले. मुठीच्या खाली तीन ओरखडे होते, एकाखाली एक. सारख्या लांबीचे, सारख्या अंतराचे. चुकून पडलेले ओरखडे असे पडत नाहीत. कुणीतरी काढलेले होते. पोराने लहानपणी काढले असतील, त्यांना वाटलं. पण कडा ताज्या होत्या. आत मळ साठलेला नव्हता.

प्रुफवाल्यांच्या धंद्यात एक नियम होता. चूक दिसली तर दुरुस्त करायची. पण ती चूकच आहे की नाही अशी शंका आली तर हात लावायचा नाही. समासात प्रश्नचिन्ह काढायचं आणि लेखकाला विचारायचं. हा नियम त्यांनी नोकरीत एकदाही मोडला नव्हता. फोन खोलीतच होता. पण फोन केला तर आधी धाकटी उचलणार, मग काय चाललंय ते विचारणार, मग हसणार. शिवाय बाईला आल्यावर एकदम दाखवायची मजाही गेली असती. त्यांनी मऊ पेपर घेतला आणि तीनही ओरखडे रेषेने घासून टाकले.

शनिवारी दुपारी बाई आली. मुलगा दुसऱ्या दिवशी यायचा होता.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. पडदे उघडे होते, फिकट दारांवर ऊन पडलं होतं. प्रुफवाले तिच्या मागे, निकाल लागायची वाट बघत असल्यासारखे.

"उजेड आलाय हो," ती म्हणाली. आवाज खरोखर खूश होता. मग पुढे होऊन तिने पहिल्या दारावर तळवा फिरवला. दुसऱ्यावर फिरवला. तिसऱ्यावर बोटं खाली उतरली, कडेशी गेली, परत वर आली. 

"चहा टाकते," थोड्या वेळाने ती म्हणाली.

तिने साखरेसाठी हात वर केला. हात दारावर जाऊन थांबला, शेजारच्या दारावर गेला. ते उघडलं. आत बशा होत्या. तिने ते लावलं आणि पलीकडचं उघडलं. ते पेल्यांचं निघालं.

"डावीकडचं," प्रुफवाले म्हणाले.

"माहीत आहे मला."

साखर सापडली. डबा घेऊन ती ओट्याकडे वळली. मागे उघडं राहिलेलं पेल्यांचं दार, नव्या बिजागरीवर, जराही आवाज न करता आणखी उघडलं. ती परत वळली आणि दाराची कड कपाळावर लागली.

साखर जमिनीवर सांडली. बाई स्टुलावर बसली. प्रुफवाल्यांनी बर्फ आणला, रुमालात गुंडाळला, आधी स्वतःच्याच कपाळाला लावला, मग तिच्या हातात दिला.

"साखरेच्या दाराला खाली खाच होती," ती म्हणाली. "कुठे गेली?"

"भरली."

"पिठाच्या दाराचे तीन ओरखडे?"

"घासले. मला वाटलं, पोराने काढलेत लहानपणी."

"पोराने एकच काढला असता. दुसऱ्याच्या आधीच मार खाल्ला असता." तिने बर्फ दुसऱ्या बाजूला घेतला. "मी काढले ते. सुरीने. डाळीच्या दाराला पोचा होता, त्यावरून डाळ कळायची. साखरेला खाच आपोआप पडलेली. पिठाला काही नव्हतं, म्हणून केले."

"आणि मुठी…"

"दोरावाली सुऱ्यांची. खुळखुळणारी चमच्यांची. सुरीत आणि चमच्यात फरक नको का करायला? आणि पेल्यांचं दार कुरकुरलं की कळायचं, उघडं राहिलंय."

प्रुफवाले सांडलेल्या साखरेकडे बघत होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? दिसत नाही म्हणून दारांना ओरखडे काढतेय, असं? तुम्ही तोंड पाडून बसला असतात आणि न राहवून धाकटीला सांगितलं असतं. धाकटीला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं."

"मला शंका आली होती," ते म्हणाले. "त्या तीन ओरखड्यांपाशी. मी विचारलं नाही."

"का?"

"फोन धाकटीने उचलला असता."

बाईला हसू आलं. कपाळ दुखलं म्हणून ते अर्ध्यावर थांबलं.

"उद्याचं पुढे ढकलू या का?" प्रुफवाल्यांनी विचारलं. "त्याला कळवतो, तुला बरं नाही म्हणून."

"ढकललं म्हणजे कबूलच केलं. तो गाडी घेऊनच येईल." तिने बर्फ बशीत ठेवला. "जुन्या बिजागऱ्या भंगारवाल्याला दिल्या का?"

प्रुफवाले गॅलरीत गेले आणि बिस्किटाचा डबा घेऊन आले. तिने तो कानाशी धरून हलवला. "हीच," ती म्हणाली. "दोन पिढ्यांची खुळखुळ आहे."

आधी मुठी बदलल्या. मग पेल्यांच्या दाराला जुनी बिजागरी बसवली. बिजागरी काढताना त्यांनी तिला तेल दिलं होतं, त्यामुळे ती कुरकुरेना. साबणाच्या पाण्याने धुतली, वाळवली, थोडी बारीक रेती आत जाऊ दिली. चौथ्यांदा उघडताना ती अशी किंचाळली की बाईने समाधानाने मान हलवली.

खुणांचं काम कठीण होतं. बाईने त्यांचं बोट धरून साखरेच्या दाराच्या कडेवर ठेवलं. "इथे." प्रुफवाल्यांनी लाकूड कोरायची पटाशी टेकवली आणि तसेच उभे राहिले. पॉलिश अजून पुरतं कडकही झालं नव्हतं. इतकी स्वच्छ कड त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच केली होती.

"मारा हो. खून करायला नाही सांगितलं."

त्यांनी मारली. तिने बोट फिरवलं. "फार सरळ आलीय. उंदराने कुरतडल्यासारखी होती." मग ती उंदराने कुरतडल्यासारखी केली. डाळीच्या दारावरचा खळगा भरलेला, ती लांबी कोरून काढली. पिठाच्या दारावर तीन ओरखडे काढायला मात्र तिने पटाशी स्वतःच्या हातात घेतली, आणि प्रुफवाल्यांनी जागा सोडून दिली. तिचे ओरखडे पहिल्यासारखेच सारख्या अंतराचे आले. टायपिंगबाईच ती.

एक ड्रॉवर राहिला. शेगडीशेजारचा, माचिस आणि पकडीचा. त्याला पूर्वी काय होतं ते तिला आठवेना. ती दोनतीनदा त्याच्यावरून हात फिरवत राहिली. "काहीतरी होतं," ती म्हणाली. "बोटांना माहीत होतं. मला नाही." बर्फ लावताना सुद्धा तिचा आवाज इतका लहान झाला नव्हता.

प्रुफवाल्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "मी काढू का एक खूण? माझी?"

"कसली?"

"काकपद. शब्द राहून गेला की ओळीत काढतो ते. टोपीसारखं."

"काढा. मोठं काढा."

त्यांनी टोपीसारखं मोठं काकपद कोरलं. तिने ते बोटांनी वाचलं, पुन्हा वाचलं. "चालेल," म्हणाली.

रविवारी मुलगा आला. आल्या आल्या त्याने गॅसची नळी बघितली, खिडकीची खिटी बघितली, मग कपाटांपाशी येऊन उभा राहिला.

"बाबा, पॉलिश सुंदर झालंय. पण हे ओरखडे? खाचा? कुणाकडून करून घेतलंत? माणूस आंधळा होता की काय?"

प्रुफवाल्यांनी पटकन बाईकडे बघितलं. मग बाई हसायला लागली आणि थांबेना.

"मी केलं," प्रुफवाले म्हणाले.

"आणि कपाळाला काय झालंय तुझ्या?"

"दार लागलं. काल. आज लागणार नाही."

तो हाताची घडी घालून चौकटीला टेकून उभा राहिला. बाईने बटाटे सोलले, डाळ धुतली, भात लावला. तिचा हात दारांवर जायचा, कडेशी जरासा टेकायचा, मगच दार उघडायचं. बघणाऱ्याला वाटावं, बाईला सावकाश काम करायची सवय आहे. माचिससाठी तिचा हात आधी चुकीच्या ड्रॉवरवर गेला, सरकला, काकपदावर थांबला. प्रुफवाल्यांनी श्वास धरला होता तो सोडला. मुलाने वडिलांकडे बघितलं.

थोड्या वेळाने मुलाने पाण्यासाठी पेला काढला. दार कुरकुरलं. तो पेला भरायला गेला.

"लाव ते," बाई सिंककडे तोंड करून म्हणाली. "पेल्यांचं दार."

त्याने ते लावलं. मग कसलाही आवाज न करता त्याने पिठाचं दार किंचित उघडलं. बाईला काहीच कळलं नाही. ती बटाटे धूत होती. तो तसाच उभा राहिला. मुठीवरचा त्याचा हात खाली घसरला, बोटं ओरखड्यांवर गेली. एक, दोन, तीन. त्याने खाचेवर हात नेला. खळग्यावर नेला. मग दार लावून तो बाहेर जाऊन खुर्चीत बसला.

तिघं जेवायला बसले. जेवण अर्ध्यावर आल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगा. तुम्हाला खोटं बोलता येत नाही. जमतंय का तिला?"

प्रुफवाल्यांनी हातातला चमचा खाली ठेवला. रात्री अंथरुणावर त्यांनी दोनतीन चांगली वाक्यं तयार करून ठेवली होती. त्यातलं एकही आठवेना.

"चुका होतील," ते म्हणाले. "काल तिला लागलं ते माझ्यामुळे. मी न विचारता दुरुस्ती केली. आता जिथे शंका येईल तिथे मी तिला विचारीन. ती मला सांगेल. एवढंच मला सांगता येईल."

"आणि आणखी दिसेनासं झालं तर?"

"तर तुला फोन करीन. धाकटीच्या आधी."

मुलाने भातावर आणखी डाळ वाढून घेतली. "गॅस आपोआप बंद होणारा बसवून देतो," तो म्हणाला. "आणि दर दोन महिन्यांनी येईन."

"जेवायला ये," बाई म्हणाली. "तपासायला नको."

"दोन्ही करीन."

"बरं. पण मग खरं बोलायला शीक. बटाट्यात मीठ दोनदा पडलंय, पहिल्या घासाला कळलं मला. बाप-लेक मुकाट्याने गिळताय."

मुलगा उठला आणि पाण्यासाठी आणखी एक पेला काढायला गेला. दार उघडताना किंचाळलं, आणि लगेच, कुणी न सांगता, लावतानाही किंचाळलं.